हरकतकाकू

आमच्या इमारतीच्या सभेत पहिला हात वर जायचा तो हरकतकाकूंचा. विषय अजून धड वाचूनही झालेला नसायचा. "माझी हरकत आहे," असं ठणकावून झालं की मग पदर खोचून त्या विचारायच्या, "हां, आता सांगा, विषय काय तो!" जिन्याचा रंग, टाकीची सफाई, गणपतीतला लाउडस्पीकर, कशालाही. त्यांचं खरं नाव बोरिवलीच्या त्या चार मजल्यांत कुणी घ्यायचंच नाही. त्यांनाही हे माहीत होतं. "असू दे गो," मला म्हणायच्या, "मुकी म्हणण्यापेक्षा बरं."

काकू मूळच्या मालवणकडच्या. काका गिरणीत होते. गिरणी बंद पडल्यावर काही वर्षांनी परळची खोली विकून दोघं इकडे आली आणि माझ्या समोरच्या दारात राहू लागली. काका गेल्यावर काकू एकट्याच. गोराईहून होडीने येणारी कोळीण फाटकाशी पाटी उतरवायची, तेव्हा काकूंचा आवाज गच्चीपर्यंत ऐकू यायचा. "हो बांगडो कालचो!" कोळीण म्हणायची, "नको घेऊस मग, जा!" एवढं कडाक्याचं भांडण व्हायचं आणि शेवटी दोघी पायरीवर बसून चहा पीत असायच्या. ज्याच्याशी भांडण झालं, त्याला चहा पाजल्याशिवाय काकू सोडायच्या नाहीत.

मग ते तळमजल्याचं प्रकरण आलं. तिथले मालक मुलाकडे परदेशी गेले आणि त्यांनी घर एका संस्थेला भाड्याने द्यायचं ठरवलं. मनोरुग्णालयातून बऱ्या झालेल्या, पण घरच्यांनी परत न नेलेल्या चार बायका तिथे राहणार होत्या. त्यातल्या दोघींनी आधी फुटपाथवर दिवस काढलेले. देखरेखीला एक ताई असणार होती. झालं! इमारतभर गलका उठला. जागेचे भाव पडणार, पोरं घाबरणार, सोसायटीची वाट लागणार. माझी लेक संध्याकाळी क्लासहून एकटी यायची, म्हणून मीही त्या गलक्यात होते. पण संस्थेला दुसरीकडे कुणी घर देत नव्हतं. आम्ही नाही म्हटलं असतं, तर त्या चौघी बऱ्या असूनही वॉर्डातच राहिल्या असत्या.

सभेला संस्थेची ताई आली आणि चौघींपैकी एकीला, सुलभाला, सोबत घेऊन आली. सुलभा अकोल्याकडची, चाळिशीची, साडीचं टोक बोटाला गुंडाळत बसलेली. काकूंचा हात वर गेलाच.

"माझी हरकत आहे. मला भीती वाटते बाई. खोटं कशाला बोलू?"

सुलभा हळूच म्हणाली, "मलाही तुमची वाटते, काकू."

सगळे हसले. काकू नाही हसल्या. "माझी? ती का गो?"

"तुम्ही नाही म्हणालात तर मी जाऊ कुठे?"

तेव्हा आमचे सेक्रेटरी सबनीस उठले. गोड माणूस, कुणाशी कधी आवाज चढवून बोलणार नाही. ते म्हणाले, "राहू देत की बिचाऱ्या. कुणालाच वाईट वाटायला नको. फक्त ये-जा मागच्या फाटकाने करावी, बाकावर बसू नये आणि सत्यनारायणाला गच्चीवर येऊ नये. बस, एवढंच." सगळ्यांच्या माना डोलल्या. सुटलो बुवा, असंच सगळ्यांना वाटलं.

"माझी हरकत आहे," काकू पुन्हा उठल्या.

"अहो काकू, तुमच्यासाठीच तर सांगतोय हे," सबनीस म्हणाले.

"मी नको म्हटलं ते तिच्या तोंडावर म्हटलं. तुम्ही हो म्हणताय आणि नकोच म्हणताय! शेजारी ठेवायचा तर अख्खा ठेवा. नाहीतर सरळ नाही म्हणा. पण मग हिच्या डोळ्यांत बघून म्हणा. चला, कोण म्हणतो?"

सबनीस खाली बसले. अटी तिथेच बारगळल्या आणि चौघींना राहू द्यायचा ठराव झाला. काकूंनी हात वर केला, पण तोही कुरकुरत, "त्रास झाला तर बघून घेईन" असं बजावून.

चौघी राहायला आल्या आणि काकू रोज 'लक्ष ठेवायला' खाली जाऊ लागल्या. येताना तक्रारी घेऊन यायच्या, पण आमच्याबद्दलच्या. "सबनीस, त्यांच्या नळाला पाणी येत नाही. तुमच्या येतं ना? मग?" प्लंबर येईपर्यंत त्या सबनिसांच्या दारातून हलल्या नाहीत. सुलभाला त्यांनी फाटकाशी नेऊन माशाचे कल्ले उघडून बघायला शिकवलं. बोंबील बघून ती बिचारी दोन पावलं मागेच सरायची. "अगो, चावत नाही तो!" काकू ओरडायच्या, आणि कोळीण हसून हसून बेजार व्हायची.

सगळं सुरळीतच झालं असं मात्र नाही. पहिल्या दिवाळीत पोरांनी अंगणात सुतळी बॉम्ब लावले आणि चौघींमधली निर्मला किंचाळत बाहेर पळाली. पोरांचा किल्ला तुडवून ती जिन्याखाली जाऊन बसली, कानांवर हात घट्ट दाबून. पोरं रडायला लागली. "बघा, मी म्हणत होतो ना," सबनीस म्हणाले. करार पुढे वाढवायचा नाही अशी कुजबुज तिथल्या तिथे सुरू झाली. काकू गुडघे धरत खाली बसल्या, थेट फरशीवर, निर्मलाच्या शेजारी. "भिया नको गो. मी आसंय."

ती शांत झाल्यावर काकू बसल्या जागेवरूनच बोलल्या. "गिरणी बंद पडली तेव्हा आमचे हे असेच झाले होते. कित्येक महिने भिंतीकडे तोंड करून बसायचे. ताट वाजलं तरी दचकायचे. चाळीतली माणसं येऊन बसायची त्यांच्याजवळ, पत्ते काय खेळायची, दाढी काय करून द्यायची. खोली खाली करा असं कुणी म्हटलं नाही हो." इतकी वर्षं समोरासमोर राहून हे मला माहीत नव्हतं. माझे डोळे भरून आले. दुसऱ्या दिवशी पोरांना घेऊन सबनीस स्वतः फटाके फोडायला मैदानावर गेले आणि कराराची कुजबुज पुन्हा ऐकू आली नाही.

गेल्या वर्षी काकू गेल्या. चार दिवसांचा ताप आणि संपलंच. आजही आठवलं की गलबलून येतं. त्यांची लेक पुण्याहून धावत आली. स्मशानातून माणसं परतायची होती. माणूस गेलेल्या घरात त्या दिवशी चूल पेटत नाही, जेवण शेजारचेच देतात. एवढ्या माणसांचं करायचं म्हणून मोठं पातेलं मागायला मी तळमजल्यावर गेले, तर तिथे पिठलं रटरटतच होतं. सुलभा ढवळत होती, निर्मला तांदूळ धूत होती आणि सबनीसवहिनी खाली मांडी घालून कांदा चिरत होत्या, नाक ओढत.

पातेलं वर आणलं ते सबनिसांनी, मागोमाग वाढायला सुलभा आली. काकूंच्या लेकीने दोन घास खाल्ले आणि विचारलं, "कुणी केलं हे?"

"आपल्या शेजारणींनी," सबनीस म्हणाले. मग ते तिच्याजवळ भिंतीला टेकून बसले आणि त्यांनी ताट पुढे केलं. "सुलभाताई, मलाही वाढा."