फाटकावरची तित्तरं

माझ्या थोरल्या चुलतभावानं, दत्तूदादानं, परवा बांधाचं गवत पेटवलं. त्यात तित्तराची मादी अंड्यांवर बसली होती. ती कशीबशी उडाली, अंडी भाजली.

"दादा, अरे संसार जाळलास की त्यांचा!"

"मग काय आरती करू? बांध कसा चकाचक झालाय बघ."

पूर्वी हे गवत बैलांसाठी राखत आणि तित्तरं त्यात फुकट नांदत. बैल गेले, ट्रॅक्टर आला. ट्रॅक्टर गवत खात नाही, एवढाच त्या पाखरांचा गुन्हा! आणि आता थाट पाहा: या महाशयांनी नव्या बंगल्याच्या फाटकावर सिमेंटच्या तित्तरांची जोडी बसवलीय, छान रंगवून. वर मलाच विचारतात, "जिवंत वाटतात ना?"

संध्याकाळी काळ्या बांधावर खरा नर ओरडत राहिला. फाटकावरच्या जोडीनं मानसुद्धा वळवली नाही.