आधी सरजाची भाकर

दिवाळी आटोपली की झरीकडच्या त्या गावात निम्म्या घरांना कुलपं लागायची. त्या वर्षीही लेक परमेश्वर आणि सून रेणुका ऊसतोडीला गेले, घरात गोजरबाई एकटी उरली. निघताना लेकानं अर्धी कणगी ज्वारी भरून झाकण शेणामातीनं लिंपलं. गुढीपाडव्याला ते परतेपर्यंत एका म्हातारीला तेवढी जेमतेम पुरणार होती. दाणे काढायचे ते बुडाच्या भोकातून, चिंध्यांचा बोळा ओढून. आत किती उरलंय ते दिसत नसे. बोटानं वाजवून अंदाज घ्यायचा.

हा बेत फिसकटला शेजारच्या सरजाबाईमुळं. तीही मागं राहिलेली, डोळ्यांनी आंधळी. तिच्या पोत्याचा उंदरांनी फडशा पाडला, आणि रेशनच्या मशीनवर तिचा झिजलेला अंगठा काही केल्या उमटेना.

गोजरबाई तशी हाताची चिक्कट. मीठ उसनं दिलं तरी वाटी कधी परत येते यावर तिचा डोळा. पण परभणीच्या चर्चला जाणारी, दवाखान्यातली आया रुख्मिणी तिच्या ओट्यावर बसून बायबलातली एक गोष्ट सांगून गेली होती. दुष्काळात एका विधवेकडं मूठभर पीठ उरलेलं, आणि दारात आलेला देवाचा माणूस म्हणाला, आधी मला भाकर दे.

"दिली तिनं," रुख्मिणी म्हणाली. "मंग पाऊस पडेस्तोवर तिचं मडकं रितं झालं न्हाई. देव शब्दाला पक्का हाय, मावशी."

"अन् दिली नसती तर?"

रुख्मिणी हसून दवाखान्याच्या वाटेला लागली.

तेव्हापासून तव्यावरची पहिली भाकर सरजाबाईकडं जाऊ लागली, कुरकुरत का होईना.

संक्रांतीनंतर एका सकाळी गोजरबाईनं कणगी वाजवली. वर पोकळ, मध्ये पोकळ, गुडघ्याखाली वाकून वाजवलं तिथंही पोकळ. डोळे मिटून बोळा ओढला, तर ज्वारी आली. बरोबर एक मापटं आली आणि आपसूक थांबली. बाहेर अंग काकडत होतं, पण दाणे कोमट होते, उन्हातल्या खळ्यावरून आत्ताच उचलून आणल्यासारखे. दुसऱ्या दिवशीही तसंच. तिसऱ्याही.

खरं तर हात जोडायचे. गोजरबाईला मात्र धडकी भरली. आत कोण घालतंय? कणगीकडं पाठ करून बसायची तिची हिंमत होईना. लेक फोनवर विचारी, "माय, ज्वारी हाय ना?" ती म्हणे, "हाय," आणि विषय बदली.

एकदा तिची नियत फिरली. हे असं किती दिवस चालणार, म्हणून सरजाबाईच्या वाटणीची ज्वारी तिनं डब्यात झाकून ठेवली. सकाळी झाकण उघडलं तर आत अळ्या वळवळत होत्या, वासानं उभं राहवेना. ती धावत शेजारी गेली. सरजाबाई कालपासून तशीच उंबऱ्यात बसलेली.

"भाकरीला उशीर झाला का गं गोजरे?" तिनं विचारलं.

गोजरबाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पुन्हा तिनं तसं केलं नाही.

पाडव्याच्या आदल्या सकाळी ट्रॅक्टर आला. परमेश्वरानं नव्या ज्वारीचं पोतं उतरवलं आणि कणगीत ओतायला झाकणाचं लिंपण फोडलं. त्यानंच लिंपलेलं, कुठं चीरसुद्धा गेलेली नव्हती. त्यानं मोबाईलचा उजेड आत टाकला आणि वाकून थेट बुडापर्यंत पाहिलं.

"माय, ही तर कवाचीच रिती हाय. बुडाच्या भोकावर आतून कोळ्याचं जाळं हाय, जुनं, धूळ बसलेलं. काय खाल्लंस तू?"

त्या सकाळचं मापटं चुलीजवळ सुपात पडलेलं होतं. गोजरबाईनं दाण्यांवर हात ठेवला. अजून कोमट होते. मग तिनं वाकून बोळा ओढला. या वेळी एक दाणाही आला नाही. भोकातून जाळ्याचा तुटका धागा तेवढा लोंबत राहिला.

तिला रडू फुटलं, आणि ते भीतीचं नव्हतं.

"रेणुका," ती डोळे पुसत म्हणाली, "तवा ठेव. आधी सरजाची भाकर टाक."