पत्रं त्यांची, शब्द माझे

मोठ्या इस्पितळाच्या टेलिफोन बोर्डावर एकतीस वर्षं काढलेल्या बाईंना सगळे ऑपरेटरबाई म्हणत. कुणाचं लग्न मोडलं, कुठला डॉक्टर कुणाशी भांडला, सगळं त्यांच्या कानांवरून जाई. पण कानाचं तोंडाला कळू द्यायचं नाही, हा त्यांचा खाक्या. त्याला अपवाद एकच. शाळेत एका बाकावर बसणारी मैत्रीण पुढे नावाजलेली नटी झाली, दुसऱ्या शहरात गेली. तिला लिहिलेल्या पत्रांत मात्र बाई पोटातलं सगळं मोकळं करत.

मैत्रीण वारली. दोन वर्षांनी तिच्या चरित्रकाराचा फोन आला.

"बाई, तुमच्या नावाची खात्री करायची होती. तुमची त्रेचाळीस पत्रं पुस्तकाच्या शेवटी जशीच्या तशी छापतोय ना!"

"माझी? तुम्हाला कुठे मिळाली?"

"मॅडमच्या मुलाने ग्रंथालयाला दिली. रीतसर सही आहे."

फोन ठेवताच बाईंना त्यातलं एक पत्र आठवलं. चाळीस वर्षांपूर्वी त्यांची थोरली जाऊ दोन वर्षांची मुलगी मागे ठेवून घरातून निघून गेली होती. आठ महिन्यांनी परतली. का गेली, कुणाकडे होती, हे तिने फक्त बाईंना सांगितलं; आणि बाईंनी ते मैत्रिणीला चार पानं भरून लिहिलं. मुलीला आजवर एवढंच ठाऊक, की आई तेव्हा आजारी होती. आता चौऱ्याहत्तरीची ती जाऊ शेजारच्या खोलीत रेडिओ ऐकत स्वेटर विणत होती.

दुसऱ्या दिवशी बाईंनी पहाटेची बस धरली. ग्रंथालयातल्या तरुण ग्रंथपालबाईंनी जुन्या कागदांना शाई लागू नये म्हणून त्यांचं पेन काढून घेतलं, हातात पेन्सिल दिली आणि पत्रांची फाईल समोर ठेवली.

"अक्षर माझंच, आणि पेन बाहेर!" बाई म्हणाल्या. "बरं, मला एक सांगा. ही पत्रं कुणाची?"

"कागद आता आमचा. मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याचा, म्हणजे तुमचा. छापायची परवानगी मुलाकडे नव्हतीच, तो देणार कुठून?"

"आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार!"

"पण अभ्यासासाठी कुणी तुमचं नाव देऊन चार ओळी घेतल्या, तर कायदा सहसा मोकळीक देतो. अख्खं पत्र उतरवणं वेगळं. त्यातून ते कधीच छापलेलं नसेल, तर जास्तच जपावं लागतं. आणि हो, पत्रातली घटना कुणी स्वतःच्या शब्दांत सांगितली, तर अडवता येत नाही."

बाईंनी ते चार पानी पत्र पेन्सिलीने उतरवून घेतलं आणि तशाच प्रकाशकाकडे गेल्या. चरित्रकार तिथेच होता.

"अहो, पुस्तक छपाईला निघालंय," प्रकाशक म्हणाले. "किती सुंदर लिहिलंय तुम्ही! लोक वाचून तुम्हाला विचारत येतील."

"मी जिवंत आहे. तुम्ही आधी विचारायला यायला हवं होतं."

"हे संशोधन आहे, बाई," चरित्रकार म्हणाला.

"करा ना संशोधन. चार ओळी घ्या, दहा घ्या. शितावरून भाताची परीक्षा करतात. तुम्ही तर पातेलंच उचलून नेताय."

त्यांनी लेखी हरकत टेबलावर ठेवली आणि नकलेवर पोच मागितली. प्रकाशक म्हणाले, "बघू." पुढच्या मंगळवारी बाई पुन्हा हजर. त्याच्या पुढच्याही. तिसऱ्या मंगळवारी त्यांना बघताच प्रकाशकांनी हात जोडले. "काढली पत्रं. आता तरी चहा घ्या."

चरित्रकाराचा चेहरा पडला होता. "तुमच्या जाऊबाईंची हकिकत मी माझ्या शब्दांत लिहू शकतो. ते तर चालतं."

"चालतं," बाई म्हणाल्या. "इथे कायदा माझ्या बाजूने नाही, म्हणून हात जोडते. ती हयात आहे. तिची मुलगी आहे. तिने विश्वासाने सांगितलं आणि मी लिहून बसले. माझ्या चुकीची शिक्षा तिला नको."

त्याने पुस्तकाच्या कच्च्या प्रतीची पानं चाळली. मग त्याने त्या हकिकतीचा अख्खा परिच्छेद खोडला. "तसा तो पुस्तकात उपराच होता," तो पुटपुटला.

घरी येऊन बाईंनी जावेला सगळं सांगितलं. लपवलं असतं तर खपलं असतं, पण त्यांना ते पटेना.

"तू तिला लिहिलंस?"

"लिहिलं. चुकलं माझं."

जाऊ दोन दिवस बोलली नाही. बाईंनीही मनधरणी केली नाही. ताट वाढून ठेवत राहिल्या. तिसऱ्या दिवशी जाऊ म्हणाली, "काय लिहिलं होतंस, ते वाच तरी."

बाईंनी चारही पानं वाचली.

"मी इतकी घाबरले होते होय गं?" जाऊ हळूच म्हणाली. "विसरलेच होते."

पुस्तक आलं. बाईंच्या मोजून अकरा ओळी त्यात होत्या, खाली नाव होतं. जावेने त्या वाचल्या आणि पुस्तक मिटलं. त्याच रविवारी तिने लेकीला बोलावून घेतलं, बाईंकडून ती चार पानं मागून घेतली आणि खोलीचं दार लावलं.

तासाभराने लेक बाहेर आली. डोळे लाल झाले होते.

"काकू, चहा टाकतेस? आई म्हणते, तिघींचा टाक आणि तूही आत ये."