आधी वळख तर होऊ द्या

उभ्या उमरगा तालुक्यात पाहुण्यांच्या आधी म्हशीची ख्यालीखुशाली काढणारी बाई एकच आहे, आणि ती आमच्या घरात थोरली सून म्हणून आली. दिवाळीला मी बायकोसह पोचलो, की वहिनी हातातल्या पिशव्या घेतात आणि प्रवास कसा झाला हे विचारायच्या आधी सांगतात, "म्हस रवंथ कमी करायलीय बघा." मग त्यांचं लक्ष माझ्याकडं जातं. "भावजी, जरा ओठ वर करा. हिरड्या लई पांढऱ्या दिसत्यात. खुराक कमी पडलाय तुम्हाला." हे माझ्या बायकोच्या देखत. पुढं सगळी दिवाळी बायको माझ्याशी धड बोलत नाही.

वहिनींचं माहेर सरहद्दीला लागून. तिथं जनावरं कर्नाटकातल्या बाजारातून यायची, म्हणून त्यांच्याशी कन्नडच बोलायचं. माणसांशी मराठी आणि जनावरांशी कन्नड, अशी वहिनींची सरळ वाटणी आहे. आमची म्हैस उमरग्यातच जन्मली, तिच्या आईनंही कर्नाटक पाहिलेलं नाही, हे मी एकदा लक्षात आणून दिलं. "मग तुमची मराठी तरी कुठं ऐकती ती?" असं म्हणत वहिनींनी म्हशीच्या पाठीवर हात ठेवला, "सुम्मनिरु यव्वा," म्हणजे गप राहा गं माय, असं पुटपुटल्या आणि धारेला बसल्या. दादा तेव्हा अंगणाच्या पार त्या टोकाला उभा होता. हायवेवर त्याचं टायरचं दुकान आहे. चौदा चाकी ट्रकखाली बिनघोर शिरणारा हा माणूस म्हशीच्या शिंगांना मात्र टरकून असतो.

अशा या वहिनी चाळिशीत कॉलेजला गेल्या. झालं असं, की लेक 'नीट'चा अभ्यास करायची आणि तिला झोप लागू नये म्हणून वहिनी शेजारी शेंगा फोडत बसायच्या. लग्नाआधी त्यांनी बारावी सायन्स केलेलं होतंच. दोघींनी परीक्षा दिली. लेक 'नीट'मध्ये हुकली, सीईटी देऊन इंजिनिअरिंगला गेली आणि वहिनींचा नंबर पशुवैद्यकीय महाविद्यालयात लागला! दादा पहिल्यांदा हसला, मग वहिनी हसत नाहीत हे पाहून ट्रंक आणायला गेला. होस्टेलवर वहिनींनी लेकीच्या वयाच्या पोरींना शेंगाचटणीवर पोसलं, आणि त्यांच्याकडून सगळी इंग्रजी नावं घोकून घेतली. वर्गातले मास्तरसुद्धा त्यांना चुकून 'मावशी' म्हणायचे.

पण घोडं अडलं ते तिसऱ्या वर्षाच्या प्रात्यक्षिकाला. परीक्षकांनी एक म्हैस दाखवली आणि ताप मोजायला सांगितला. आता परक्या जनावराला असा एकदम हात लावणं वहिनींच्या माहेरच्या रीतीत बसत नाही. त्यांनी म्हशीला आधी स्वतःचा हात हुंगू दिला, गळ्याखाली खाजवलं, पर्समधली विभूती काढून तिच्या कपाळाला लावली आणि कन्नडमध्ये तिची विचारपूस सुरू केली. परीक्षक म्हणाले, "मॅडम, ताप किती?"

"थांबा की सर, आधी वळख तर होऊ द्या!"

ओळख इतकी झाली की म्हैस खाली बसली. ती काही केल्या उठेना आणि वेळ संपली. वहिनी नापास झाल्या.

ट्रंक घेऊन त्या घरी आल्या. पुस्तकं माळ्यावर गेली. मी तेव्हा सुट्टीवर गावीच होतो; आठवडाभर त्यांनी कुणाच्याही हिरड्या पाहिल्या नाहीत, तेव्हा मला खरी काळजी वाटली. मी थट्टा करून पाहिली, तर म्हणाल्या, "बास झालं भावजी. या वयात कुठं जमायलंय?" वाईट वाटलं मला. त्यांना डॉक्टर म्हणायची मला आधीच सवय झाली होती.

त्याच दुपारी शेजारचे अण्णा पळत आले. गाय अडली होती, वासराचा पाय आत मुडपला होता आणि डॉक्टर दुसऱ्या गावाला. "म्या नापास हाय अण्णा," वहिनी म्हणाल्या.

"ते आमच्या गाईला काय म्हाईत?"

वहिनी उठल्या. कॉलेजच्या सरांना फोन लावला, स्पीकर सुरू केला आणि तो दादाच्या हातात देऊन त्याला गाईच्या तोंडाशी उभं केलं. फोनवर सर सांगत होते, वहिनी कोपरापर्यंत हात घालून पाय सरळ करत होत्या. "अहो, बोला की तिच्याशी," त्या ओरडल्या. इतक्या वर्षांत कानावर पडलेलं तेवढंच दादानं घाबऱ्या आवाजात म्हटलं, "सुम्मनिरु यव्वा." गाय धडपडायची खरंच थांबली. वासरू सुटलं. वहिनी हात धूत होत्या, तोवर दादा माळ्यावर चढून पुस्तकं उतरवत होता.

फेरपरीक्षेत वहिनी पास झाल्या. विभूती त्यांनी याही खेपेला लावली, फक्त परीक्षकांना विचारून. आता शेवटचं वर्ष आहे आणि त्यांना घरी यायला सवड होत नाही. त्या नसल्या की घर सुनं वाटतं, हे आमच्याकडं कुणी बोलून दाखवत नाही.

परवा संध्याकाळी गेलो, तर दादा गोठ्यात होता. शिंगांच्या अगदी जवळ उभा राहून, म्हशीच्या पाठीवर हात ठेवून म्हणत होता, "सुम्मनिरु यव्वा. येती ती. पुढच्या ऐतवारी येती."

म्हैस तर कधीची शांतच उभी होती.