सतरा नंबरचा चौकोन

नमुनाबाईने आयुष्यात एकही कपडा विणून पुरा केला नव्हता, आणि तरी तिला विचारल्याशिवाय गल्लीतलं कुणी विणायचं सूत विकत घेत नसे.

याचं मूळ तिच्या नोकरीत होतं. लाँड्रीच्या काउंटरवर तिची सत्तावीस वर्षं गेली होती. लोण्यासारखा मऊ स्वेटर एका धुण्यात बाहुलीच्या मापाचा झालेला तिने पाहिला होता, आणि उन्हाळी सुती टॉप ओल्या वजनाने ओघळून गुडघ्यापर्यंत आलेलेही. गिऱ्हाईक तावातावाने भांडत असे आणि ही मात्र कपडा उलटसुलट करून बघत राही. हा असा का वागला असेल? दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. हिचं तोंड गिऱ्हाइकांच्या दुधाने पोळलं होतं.

म्हणून ती फक्त नमुने विणायची. वीतभर चौकोन विणायचा, धुवायचा, ओलाच दोरीला चिमट्याने टांगायचा आणि खालच्या कडेला एक स्टीलचा चमचा बांधून द्यायचा. आठ दिवसांनी चमचा सोडून बोटांनी मोजायचं, वहीत लिहायचं. एकदा कळलं, की तिची त्या सुतातली गोडी संपायची. दोनशे चौकोनांनी एक पत्र्याचा डबा भरला होता. घरात चहा ढवळायला मात्र कधी चमचा मिळत नसे.

या उन्हाळ्यात गोष्ट वेगळी होती. तिची धाकटी बहीण तिच्याकडेच राहायची, शाळेत चित्रकला शिकवायची. थंडीत तिचं ऑपरेशन झालं आणि मानेपासून खांद्यापर्यंत एक व्रण राहिला. जखम भरली, पण तिथे कापड टेकलं की मुंग्या डसल्यासारखं व्हायचं. घरात ती एक विरलेला गाऊन खांद्यावरून ओढून वावरायची. तशी शाळेत कशी जाणार? राजीनाम्याचं पत्र लिहून तिने टेबलाच्या खणात ठेवलं होतं.

"शाळा उघडायच्या दिवशी देऊन टाकते," ती म्हणाली.

"मी विणते तुला काहीतरी. हलकं, उन्हाळ्याचं."

"तू? आणि पुरं करणार?"

"पुरं!"

धाकटी खदखदून हसली. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच. आता माघार घ्यायची सोय उरली नाही. शाळा उघडायला सहा आठवडे होते.

नमुनाबाई सूतवाल्याच्या दुकानात जाऊन बसली. लोकर बादच. नुसतं सुती गार, पण अंगावर जड. बांबूचं सूत झुळझुळीत, पण इतकं निसरडं की टाका सुईवर ठरेना. लिनन आधी सुतळीसारखं खरखरीत, मात्र प्रत्येक धुण्याला मऊ होत जाणारं. असं का, हे तिने सूतवाल्याला इतक्यांदा विचारलं की तो हात जोडून म्हणाला, "बाई, लग्न ठरवताना मी एवढी चौकशी केली नव्हती."

"वहिनींनी तरी करायला हवी होती," ती म्हणाली आणि आणखी तीन लड्या घेऊन आली.

मग विणीचा प्रश्न. साधी वीण दाट होते, वारा अडवते. पानांची नक्षी समोरून देखणी, पण पाठीमागे तिचे उंचवटे बोचतात. दोन टाक्यांमागे एक भोक सोडणारी जाळी हलकी होती. ती तिने बारीक सुयांवर विणली, जाड सुयांवर विणली. चार आठवड्यांत तेवीस चौकोन झाले. कपड्याचा पत्ता नव्हता. सतराव्या चौकोनापुढे, सुती-लिनन मिश्र सुताच्या त्या जाळीपुढे, तिने लिहिलं: दोन बोटं लांबला. ढिला. बाद.

एका सकाळी वही पडताळताना सतरा नंबर सापडेना. तिने डबा उपडा केला, गादी झटकली, दोरीखालची कुंडीसुद्धा सरकवून पाहिली. धाकटी खिडकीशी पाठमोरी बसून चित्र काढत होती.

"काखेत कळसा नि गावाला वळसा," ती म्हणाली आणि तिने गाऊनची कड खाली केली. सतरा नंबर तिच्या खांद्यावर होता.

"अगं, तो बाद आहे!"

"कुणी केला?"

"चमच्याने."

"चमच्याला खांदा नसतो, ताई. तू आंघोळीला गेलीस की मी एकेक लावून बघत होते. हा एकटाच टोचत नाही. दहा दिवस लावतेय."

"मग बोलली का नाहीस?"

"तू विचारलंस कुठे? सुताला सगळं विचारलंस."

नमुनाबाईला भयंकर शरम वाटली. आणि शरमेतही तिला बघायचं होतंच. तिने जवळ जाऊन चौकोनाखाली हळूच बोट घातलं. ढिला पडला होता म्हणूनच तो कुठे दाबत नव्हता. तिने ज्याला खोड म्हटलं होतं, तोच त्याचा गुण होता.

आता फक्त विणायचं होतं, आणि घोडं तिथेच पेंड खात होतं. नमुना कधी चुकत नाही, कपडा चुकतो. ही भीती तिने सत्तावीस वर्षं कुतूहलाखाली झाकली होती. पण खणातलं पत्र तिला रोज दिसत होतं. त्याच सुताचा, त्याच जाळीचा टॉप तिने खांद्यावर शिवण येऊ न देता सलग विणला, लांबेल म्हणून दोन बोटं आखूड धरून. शाळा उघडायच्या आदल्या दिवशी तिने शेवटचा टाका बंद केला.

धाकटी सकाळी तो घालून शाळेत गेली. लाँड्रीतून परतल्यावर नमुनाबाईने खण उघडला. पत्र नव्हतं.

संध्याकाळी धाकटी आली, बोटं रंगाने माखलेली.

"पत्र?" नमुनाबाईने दारातच विचारलं.

धाकटीने पिशवीतून ते काढलं. "द्यायलाच नेलं होतं, खोटं कशाला बोलू. पण मुलं विचारत बसली, बाई, ही भोकं कशी पाडतात? हाताशी हाच कागद होता." पत्राच्या कोऱ्या बाजूवर दोन टाके, एक भोक, दोन टाके, एक भोक अशी जाळी मोठी करून काढली होती.

तेवढ्यात नमुनाबाईचं लक्ष खालच्या कडेकडे गेलं. "अगं, हा तर चार बोटं लांबलाय! काढ, उसवून देते."

"हात लावून तर बघ!"

"बरं, निदान मोजू दे."

धाकटी दोन्ही हात वर करून उभी राहिली. ऑपरेशननंतर तिने व्रणाच्या बाजूचा हात इतका वर नेला नव्हता. नमुनाबाई कडेला बोटं लावून मोजू लागली. तिला रडू येत होतं, आणि दोनाऐवजी चार बोटं का, हेही जाणून घ्यायचं होतं.