‘काहून’ नावाचा गट

मिलिंददादाच्या नंबरवरून मेसेज आला तेव्हा मला वाटलं, उत्तर आलं. सकाळी आमच्या ग्रुपवर मी सर्व्हरच्या एका सेटिंगविषयी विचारलं होतं आणि दुपार कलली तरी तो काही बोलला नव्हता, म्हणून मी अधूनमधून फोन उचलून बघत होते. उघडलं तर त्याच्या बहिणीनं लिहिलं होतं, ‘दादा जेवून आडवा झाला तो उठलाच नाही. डॉक्टर हार्ट म्हणाले. यायचं त्यांनी धरमपेठच्या घरी यावं.’ माझ्या प्रश्नाच्या बरोबर खाली. हुडकेश्वरच्या फ्लॅटमध्ये मी एकटी राहते, नोकरीही घरूनच करते. मोठ्यानं सांगावं असं समोर कोणी नव्हतं... लॅपटॉप मिटला, चपला घातल्या आणि निघाले.

त्याला आता काही आठवडे झाले. ग्रुपवर त्या दिवशी हात जोडल्याची चित्रं आली, आणि मग काहीच आलं नाही.

मिलिंददादा मला पहिल्या नोकरीत भेटला. धरमपेठेत एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर आमचं ऑफिस होतं, कारखान्यांसाठी हजेरी आणि पगाराचं सॉफ्टवेअर करायचो. इंटरनेटवरून उचललेला कोडचा एक तुकडा मी माझ्या कामात बसवला होता आणि तो चालत होता, म्हणून खुशीत होते. दादा मागून येऊन वाचत उभा राहिला. ‘चालून तं राहिलं वं,’ तो म्हणाला, ‘पण काहून चालून राहिलं, सांग बरं.’ काहून, म्हणजे का, ते मला सांगता येईना. तो रागावला नाही. खुर्ची ओढून बसला आणि एकेक ओळ माझ्याकडून वदवून घेतली, चहा गार झाला तरी. उठताना म्हणाला, ‘ज्याचं काहून आपल्याले माहीत नाही, ते दुसऱ्याले देऊ नको. तो बिचारा भरवशानं लावते.’

ते ऑफिस पुढे बंद पडलं. कोणी पुण्याला गेलं, कोणी हैदराबादला. दादानं सगळ्यांचा ग्रुप केला आणि नाव ठेवलं ‘काहून’. ज्याला जे उपयोगाचं सापडेल ते त्यानं तिथे टाकायचं, कोडचा छोटा तुकडा असो की एखादी सेटिंग, पण वर एक ओळ हवीच... हे काहून. त्याची स्वतःची एक ओळ मला अजून पाठ आहे. बुटीबोरीच्या एका कारखान्यात रात्रपाळीचे कामगार आमच्या हिशेबात गैरहजर पडत होते, कारण मध्यरात्री तारीख बदलायची आणि हजेरीचे दोन तुकडे व्हायचे. पाळी ज्या तारखेला सुरू झाली तीच तारीख धरायची, एवढाच दुरुस्तीचा कोड होता. त्याच्यावर दादानं लिहिलं होतं, ‘रात्रभर मशीनपाशी उभा राहिलेला माणूस सकाळी गैरहजर ठरू नये म्हणून.’

मग काही वर्षांनी तो एका गोष्टीवर अडायला लागला. कोणी स्क्रीनचा फोटो पाठवला की लगेच लिहायचा, ‘फोटो नको गा, अक्षरं पाठव.’ पुण्याचा नीलेश एकदा वैतागला. ‘दादा, फोटोत सारं दिसून तं राहिलं. कायले टाइप करायला लावतेस?’ मग दादाचं उत्तर आलं, ‘तुले दिसते. मले आता उजेड तेवढा कळते. अक्षरं पाठवली तं कॉम्प्युटर वाचून दाखवते, फोटो त्याले वाचता येत नाही.’ आमच्यापैकी कोणालाच माहीत नव्हतं. डोळ्यांच्या मागचा पडदा हळूहळू विझत गेला होता आणि तेवढ्या काळात आम्ही त्याला खुशाल फोटो पाठवत होतो. नीलेशनं त्याच दिवशी फोन केला, आणि दोघं रडले, असं नंतर नीलेशनंच सांगितलं.

दादा तोवर बाहेरच्या एका कंपनीचं काम घरून करत होता. डोळ्यांचं कळल्यावर त्यांनी पुढचं काम दिलं नाही. कोड तोच, चुका नाहीत, पण ‘आता तुम्हाला जड जाईल’ म्हणाले. त्यानं वाद घातला नाही. त्यानंतर ‘काहून’ हाच त्याचा सबंध दिवस झाला. सकाळी आंघोळ करून तो नोकरीवर बसावं तसा बसायचा आणि कोणाचा प्रश्न येतो का, याची वाट बघायचा.

आणि नेमके तेव्हाच प्रश्न आटायला लागले. आता काही अडलं की माणसं एआयला विचारतात. ते क्षणात उत्तर देतं, कंटाळत नाही, उलटं ‘काहून’ विचारत नाही. मीही विचारते. ग्रुपवर वाढदिवसाचे केक तेवढे उरले. एकदा फोनवर दादा म्हणाला, ‘आजकाल कोणाचं काही अडत नाही वाटते, स्मिता.’ हसला, पण मला ते हसू ऐकवेना. तेव्हापासून मी प्रश्न टाकायला लागले. ज्याचं उत्तर मला येतं असे प्रश्न. तो फुलायचा, कारणं द्यायचा, जुने किस्से सांगायचा. एकदा दुसरं काही सुचेना म्हणून मी रात्रपाळीची तारीख कशी धरायची, हेच विचारलं. त्याचा फोन आला.

‘हे तं तुले पाठ आहे. काहून विचारून राहिली?’

मी म्हटलं, ‘तू सांगावं म्हणून, दादा.’

मला वाटलं, दुखावला. मग त्यानं घसा साफ केला आणि म्हणाला, ‘बरं. लिहून घे.’ आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं. मी खरोखर लिहून घेतलं. तो गेला त्या सकाळचा माझा प्रश्नही असलाच होता. आता ते प्रश्न कोणाला विचारायचे, कळत नाही. दिवसचे दिवस माझा आवाज मलाच ऐकू येत नाही. प्रश्न विचारायची मीच. त्याच्यासाठी विचारत होते असं मी समजत होते.

मागच्या रविवारी त्याच्या आईला भेटायला गेले. आई दादाच्याच खोलीत मेथी निवडत बसल्या होत्या. ‘जय भीम’ म्हणून मी शेजारी टेकले. त्या म्हणाल्या, ‘पोरी, त्याचं ते बोलतं कर ना वं. मले जमत नाही.’ मी लॅपटॉप उघडला. त्याला गरज नव्हती म्हणून पडद्याचा उजेड त्यानं पार मालवून ठेवलेला. काळ्या पडद्यासमोर चाचपडत मी बटण दाबलं आणि खोलीत आवाज सुरू झाला. शेवटची उघडी राहिलेली कुठलीशी फाईल यंत्र वाचत होतं, इतक्या वेगानं की मला एक शब्द धरता येईना. कोड माझ्या रोजच्या कामाचा, तरीही. दादा याच वेगात काम करायचा, याची मला कल्पनाच नव्हती.

‘हळू करून देऊ का, आई?’

‘नको. त्याले असंच लागे. मले काही समजत नसे, पण दिवसभर घर बोलत राहे.’

मी त्यांच्या ताटातली एक जुडी माझ्याकडे घेतली. आम्ही दोघी मेथी निवडत ऐकत राहिलो. फाईल संपली तसा आवाज थांबला. आईंचे हातही थांबले, त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी उठले आणि ते पुन्हा पहिल्या ओळीपासून लावलं.