नुसती रूथ

सिपोरामावशी कुणालाही गाव विचारत नसे. दिल्लीत दोन मराठी माणसं भेटली की तिसऱ्या वाक्याला "मूळचे कुठले?" येतं आणि चौथ्याला आडनाव. मी या प्रश्नांची उत्तरं देत वाढले आहे, त्यामुळे विचारणाऱ्याला खरं काय हवं असतं ते मला ठाऊक आहे. परीक्षेच्या तयारीसाठी आले, गाझियाबादमध्ये खोली शोधायला लागले, तेव्हा तीन घरमालकांनी "पूरा नाम?" म्हटलं आणि पूर्ण नाव ऐकल्यावर खोली भाच्यासाठी राखून ठेवलेली निघाली. चौथं घर मावशीचं. वैशाली मेट्रोच्या पलीकडे, तिसरा मजला. दारातच तिने विचारलं, "डास फार चावतात का तुला? मागच्या खोलीला जाळी नाहीये." मी आडनाव सांगायला तोंड उघडलं तर म्हणाली, "ते करारावर लिही. आधी पाणी पी."

मावशी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या यहुदी समाजातली. नवरा शालोमकाका सरकारी नोकरीत दिल्लीला आले, निवृत्त झाले आणि इथेच गेले. आता घरात ती आणि गुरुग्रामला नोकरी करणारी नात, तालिया. शुक्रवारी सूर्य मावळताना समाजातली चार-पाच मराठी कुटुंबं मावशीकडे जमत. द्राक्षरसाऐवजी काळ्या मनुका भिजवून केलेलं सरबत असे, त्यावर आशीर्वाद म्हटला जाई. मग मावशी शास्त्रातली एखादी गोष्ट सांगे. मलाही बोलावत. महिन्याभरात मी तिला अगं-तुगं करायला लागले होते.

गोष्ट सांगताना ती शेजारणीबद्दल बोलावं तसं बोलायची. यरीहो शहरातली राहाब तिची लाडकी. "धंदा करणारी बाई. घर कुठे, तर गावाच्या तटबंदीतच. धड आत नाही, धड बाहेर नाही. इस्राएलचे हेर आले तर तिनं छपरावर लपवले. गाव पडला आणि ही इस्राएलात राहायला आली. तिला कुणी विचारलं नाही, बाई, काल काय करत होतीस." अरामचा सेनापती नामान यार्देन नदीत सात बुड्या मारून महारोगातून बरा होतो आणि इस्राएलच्या देवाला आपला म्हणतो. परत जाताना तो दोन खेचरांवर तिथली माती लादून नेतो, तिथे मावशी दर वेळी हसायची. "एवढा मोठा सरदार, आणि नेली काय, तर माती. अगदी अलिबागहून वाळू आणणाऱ्या आपल्या तालियासारखा."

"आजी, मी सात वर्षांची होते यार," तालिया म्हणायची.

आमच्या घरी गोष्टीच्या पुस्तकांआधी पत्रकं आली. वडील चळवळीतले. कॉटखाली पत्रकांचे गठ्ठे असत आणि मी अक्षरं त्यांवरच शिकले. आजोबांनी हजारोंबरोबर बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, त्या दिवसाचा फोटो बैठकीत भिंतीच्या मधोमध आहे. पाहुणा आला की आधी तो फोटो, मग चहा. धर्म बदलणं ही आमच्याकडे उजळ माथ्याने सांगायची गोष्ट. जो सांगत नाही तो घाबरतो, असं मला लहानपणापासून वाटत आलं होतं.

त्या थंडीत एका दुपारी आम्ही गच्चीवर उन्हात मटार सोलत बसलो होतो. मी माझ्या आजोबांचं काही सांगत होते. मावशी ऐकत होती. मग तिने, हातातलं सोलणं न थांबवता, सांगितलं की तीही जन्माने यहुदी नाही. लग्नाआधी ती या धर्मात आली. गाव सांगितलं, वडिलांचं नाव सांगितलं, स्वतःचं आधीचं नाव सांगितलं. पहाटे खाडीच्या गार पाण्यात तीन बुड्या, काठावर होणारी सासू आणि दोन बायका. "बाहेर आले तेव्हा दात वाजत होते. सासूने लुगडं गुंडाळलं आणि म्हणाली, आता तू कुठून आलीस हे आमच्यात कुणी काढणार नाही. आमच्यात तसं काढायचंच नसतं, शास्त्रात मना आहे. आणि कुणी काढलं नाही गं. पन्नास वर्षं." तालियालाही ठाऊक नव्हतं. "तुला सांगितलं, झालं," असं म्हणून ती टरफलं गोळा करायला लागली.

मी ते ऐकलं, पण त्यातलं "मना आहे" माझ्या डोक्यात शिरलं नाही. मला फक्त पन्नास वर्षांचं मौन ऐकू आलं, आणि ते कुणीतरी मोडायला हवं असं वाटलं. आम्ही अभ्यासिकेतल्या काही मराठी मुलामुलींनी तेव्हा आपला धर्म आपण निवडण्याच्या हक्कावर एक पुस्तिका काढायला घेतली होती. मी मावशीवर दोन पानं लिहिली. गाव, वडील, जुनं नाव, खाडीतल्या बुड्या, सगळं. वर तिचा गच्चीवरचा हसरा फोटो. तिला विचारलं नाही. तिला आनंदाचा धक्का द्यायचा होता.

यहुद्यांचा सप्ताहांचा सण मे महिन्यात आला. त्या दिवशी रूथची गोष्ट सांगायची रीत आहे: परक्या मवाब देशातली तरुण विधवा, सासूला एकटं सोडत नाही, सासूच्या गावी येते आणि तिच्या देवाला आपला मानते. मावशी दरवर्षी हीच गोष्ट सांगे आणि लोक लांबून येत. कूलर घरघरत होता, खिरीची पातेली झाकून ठेवली होती. तिने पोथी उघडण्याआधी मी प्रत्येकाच्या हातात पुस्तिका दिली.

बेंजामिनकाका आमच्या त्या मंडळीत सर्वांत वडील. त्यांनी उभ्याउभ्याच दोन पानं वाचली. त्यांचे डोळे भरून आले. "अरे, आपण इतकी वर्षं रूथची गोष्ट ऐकतोय," ते म्हणाले, "आणि खरीखुरी रूथ आपल्यात बसलीय, कुणाला पत्ता नाही." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही.

मावशीने पोथी बाजूला ठेवली. "तालिया, आज तू वाच बाळा. मला अक्षर लागत नाहीये."

तालिया पुस्तिकेतला फोटो बघत होती. "आजी, हे खरंय? मला का नाही सांगितलंस?"

"खीर घट्ट होतेय," मावशी म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली.

दुसऱ्या दिवशी मी तिच्यासमोर जाऊन बसले. ती रागावलेली नव्हती. रागावली असती तर मला भांडता आलं असतं.

"चांगलं लिहिलंयस," ती म्हणाली. "खोटं काही नाही त्यात."

"मग यात लाज कसली, मावशी? आमच्याकडे आम्ही अभिमानाने सांगतो."

"तुम्ही सगळे मिळून एका दिवशी आलात. मी एकटी आले. आणि लाज कुणाला वाटतेय? घरात सून जेवायला बसली, तिला रोज म्हणायचं का, तू बाहेरची गं, पण किती छान आलीस? कौतुक केलं तरी, हा पाट तुझा नव्हता, हे दाखवणंच ते."

मग तिने पोथी आणली आणि रूथची पानं माझ्यापुढे धरली. "वाच. शेतात राबते तिथे मवाबी रूथ. वेशीवर वडीलधाऱ्यांसमोर लग्न ठरतं तिथेही मवाबी. आता पुढे बघ. लग्न झालं, पोर झालं, तिथे काय लिहिलंय?"

मी वाचलं. नुसती रूथ लिहिलं होतं.

"लिहिणाऱ्यालासुद्धा कळलं, कुठे थांबायचं," ती म्हणाली.

मी पुस्तिका परत गोळा करायला घरोघरी गेले. चौघांनी दिल्या. बेंजामिनकाकांनी दिली नाही. "इतकं सुंदर लिहिलंस पोरी, मी पोथीत जपून ठेवलंय," म्हणाले. मी खूप समजावलं. त्यांना वाटलं मी संकोचतेय.

त्यानंतर मावशीला कुणी टोचून बोललं नाही. सगळे मायेनेच वागले, आणि त्यावर इलाज नव्हता. कुणी विचारे, "मावशी, आधी तुमच्याकडे दिवाळी कशी असायची हो?" कुणी नव्या पाहुण्याला तिच्याकडे आणून ओळख करून देई, "ह्या आमच्या रूथ." ती हसे, सरबत पुढे करी. शुक्रवारी गोष्ट सांगायची थांबली नाही, पण नोहा सांगे, दाविद सांगे. राहाब नाही, नामान नाही. एकदा तालियाने मुद्दाम खेचरांची आठवण काढली, तर म्हणाली, "त्यात काय आहे एवढं? नेली माती." पुढच्या सणाला रूथची गोष्ट बेंजामिनकाकांनी सांगितली. मावशी शेवटच्या खुर्चीवर बसली होती आणि प्रत्येक वाक्याला कुणीतरी मान वळवून तिच्याकडे बघत होतं. ती पदराचा काठ सारखा करत राहिली.

मला तिने खोली सोडायला सांगितलं नाही. परीक्षेच्या आदल्या दिवशी दही-साखर हातावर ठेवली. तिने मला माफ केलं होतं, हे मला माहीत आहे. त्याने काही परत आलं नाही.

जानेवारीत, धुकं चार दिवस उठलं नव्हतं तेव्हा, झोपेतच ती गेली. शालोमकाकांच्या शेजारी तिला जागा मिळाली. थडग्याच्या दगडावर काय लिहायचं ते ठरवायला बेंजामिनकाका आले, तेव्हा त्यांच्या हातात माझी पुस्तिका होती. त्यांनी कागदावर मजकूर लिहून आणला होता: सिपोरा, आमची रूथ. खाली मी छापलेलं तिच्या गावाचं नाव.

"काका, हे नको," मी म्हणाले.

"अगं, तूच तर लिहिलंस. आम्हाला कुठे ठाऊक होतं?"

तालियाने त्यांच्या हातातून कागद घेतला, पहिला शब्द ठेवला, बाकीचं खोडलं आणि पुढे लिहिलं, शालोम यांची पत्नी. काकांना वाईट वाटलं, पण त्यांनी ते मानलं.

हे लिहिण्याआधी मी तालियाला विचारलं. नावं बदलली, आणि मजकूर तिला वाचायला दिला. पहिल्या खर्ड्यात मावशीचं गाव मी पुन्हा लिहिलं होतं. का लिहिलं, सांगता येणार नाही. तालियाने त्यावर बोट ठेवलं आणि मी ते खोडलं.

आता दगडावर फक्त तिचं आणि शालोमकाकांचं नाव आहे. पण पहिल्या स्मृतिदिनाला जमलेली माणसं एकमेकांना सांगत होती, "चला, रूथमावशींच्या प्रार्थनेला उशीर होतोय," आणि त्यातल्या दोघा-तिघांना तिचं नाव सिपोरा होतं, हे आठवावं लागलं.